वाढीची धग

काचपट्टीवर चरबी दिसतच नाही. ऊतीचा तुकडा मेणात बसवण्याआधी झायलीनमधून काढतात, आणि त्यात पेशीतला सगळा मेद विरघळून जातो. मग पातळ काप घेऊन त्याला गुलाबी-जांभळे रंग दिले की सूक्ष्मदर्शकाखाली उरते नुसती जाळी. एकमेकांना खेटून बसलेली पांढरी, पोकळ वर्तुळं आणि त्यांच्या बारीक गुलाबी कडा. एखाद्या कडेवर चपटा जांभळा ठिपका असतो, ते पेशीचं केंद्रक. पोटातल्या एका भल्यामोठ्या थेंबाने त्याला पार भिंतीशी लोटलेलं असतं. प्राणिशास्त्र शिकताना हा काप ओळखणं सगळ्यांत सोपं. मोकळी मोकळी वर्तुळं दिसली की वहीत ‘मेद ऊती’ लिहायचं आणि पुढच्या काचपट्टीकडे वळायचं.

विच्छेदनाच्या टेबलावरही तिच्या वाट्याला हेच येतं. नस शोधायची, स्नायू मोकळा करायचा, तर वाटेतली चरबी आधी चिमट्याने उचलून बाजूला टाकायची. चित्रांच्या पुस्तकांत ती बहुतेक काढतही नाहीत. स्नायू तांबडे, शिरा निळ्या, मज्जातंतू पिवळे, आणि त्यांच्यामध्ये कोरा कागद. एरवी तिच्याविषयी आपण बोलतो ते रागाने, नाहीतर लाजेने. तान्ह्या बाळाच्या मनगटावर वळी पडली की तेवढ्यापुरती आपण तिची दृष्ट काढतो. तो एक काळ सोडला तर आयुष्यभर हा अवयव आपल्याला आपला वाटत नाही.

वैद्यकानेही दीर्घ काळ चरबीला कणगीच मानलं. सुगीत भरायची, टंचाईत उपसायची. कणगीला स्वतःचं काही सांगायचं असेल, हे फारसं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९९३ साली बॉस्टनमध्ये गोखान होतामिस्लिगिल, ब्रूस स्पीगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लठ्ठ उंदीर-घुशींच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे प्रथिन भरपूर सापडलं. हे प्रथिन म्हणजे दाहाची वर्दी. जंतू शिरले, जखम झाली की ते पाझरतं आणि रक्षक पेशींना बोलावून आणतं. इथे जंतू नव्हते, जखमही नव्हती. तरी वर्दी चालूच होती. ते प्रथिन निष्प्रभ केल्यावर त्या प्राण्यांच्या शरीरात इन्सुलिन पुन्हा नीट काम करू लागलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं जनुक शोधलं. साठा किती आहे, भूक किती असावी, हे मेंदूला कळवणारा हा निरोप चरबीतूनच निघतो. १९९७ मध्ये लंडनला विद्या मोहम्मद-अली, जॉन युडकिन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या पोटाच्या कातडीखालच्या चरबीत शिरणारं रक्त आणि तिच्यातून बाहेर पडणारं रक्त वेगवेगळं तपासलं. बाहेर पडणाऱ्या रक्तात इंटरल्युकिन-६ हा दाहाचा दुसरा निरोप्या वाढलेला होता. म्हणजे पोटावरची ती मऊ घडी दिवसरात्र रक्तात काहीतरी सांगत होती, आणि ते ऐकायला कुणी थांबलेलं नव्हतं.

एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत मला ही चरबी प्रथम जिवंत पाहायला मिळाली. पोटाच्या शस्त्रक्रियेत काढलेला, रुग्णाच्या संमतीने मिळालेला लहानसा तुकडा. रंग गडद पिवळा, मधून रक्तवाहिन्यांच्या लाल रेघा. तिने तो कात्रीने बारीक बारीक कापला, त्यावर कोलॅजिनेज हे विकर ओतलं आणि बाटली अंगाच्या उबेएवढ्या गरम पाण्यात हलत ठेवली. पेशींना बांधून ठेवणारे तंतू हळूहळू सुटत गेले. मग मिश्रण गाळून फिरवणाऱ्या यंत्रात घातलं. नळी बाहेर आली तेव्हा तिचे थर पडले होते. सगळ्यांत वर फुटलेल्या पेशींतलं तेल, त्याखाली तरंगणाऱ्या पेशींचा दाट पिवळसर पट्टा, मग स्वच्छ पाणी, आणि अगदी तळाला लालसर ठिपका, शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याहून लहान. मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ साली दाखवलेली ही रीत आजही जवळजवळ तशीच चालते.

“वरच्या पेशी दिसायला देखण्या,” मैत्रीण म्हणाली, “पण खरी वस्ती खाली बसलीय बघ.”

तो तळाचा ठिपका मी कितीतरी वेळ पाहत राहिले. त्यात होत्या अजून मेदपेशी न झालेल्या कोवळ्या पूर्वपेशी, केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी, रक्तातून येऊन स्थिरावलेल्या भक्षक पेशी आणि इतर रक्षक पेशी. आकारमान बघितलं तर चरबी म्हणजे वर तरंगणारा पट्टा. माणसं मोजावीत तशा पेशी मोजल्या तर त्यांत फार मोठा वाटा या तळच्यांचा.

तिने वेगवेगळ्या दिवसांच्या बशा मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. पहिल्या बशीत पूर्वपेशी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, एका दिशेला कललेल्या. त्यांना इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आणखी दोन-तीन द्रव्यांचं मिश्रण दिलं की त्या गोलावू लागतात. पुढच्या बशीतल्या पेशींच्या पोटात बारीक चमकदार कण आले होते, प्रकाश पकडणारे. त्यापुढच्या बशीत कणांचे थेंब झाले होते, थेंब थेंबाला मिळत होते. जन्माला आलेली पेशी कुठली वाट धरते, ते मी डोळ्यांनी पाहत होते. शेवटच्या एका बशीत मात्र पेशी तशाच लांबट राहिल्या होत्या. मिश्रण तेच, ऊब तीच. फरक इतकाच, की त्या बशीत भक्षक पेशी वाढवलेलं पाणी घातलं होतं. भक्षक पेशी स्वतः तिथे नव्हत्या. त्यांनी सोडलेले निरोप मात्र पोचले होते.

पॅरिसमध्ये दानिएल लकाझा, कारीन क्लेमाँ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली माणसाच्या पूर्वपेशींवर हेच दाखवून दिलं. भक्षक पेशींच्या स्रावात ठेवलेल्या पूर्वपेशी मेदपेशी होत नाहीत. त्या संख्येने वाढतात, पण मेद साठवायला शिकत नाहीत, आणि स्वतःच दाहाचे निरोप पाझरू लागतात. ज्या मुलीने घर सांभाळायला घ्यायचं, तीच धोक्याची घंटा बडवत बसते. वाढ आणि दाह यांचा एवढा जवळचा संबंध असेल, याची मला कल्पना नव्हती. मी त्यांना एकमेकांविरुद्ध उभं असलेलं समजत आले होते. एक घडवणारी, एक मोडणारा. त्या बशीने मला त्यांच्याविषयी पुन्हा शिकायला लावलं.

शिकताना मी पोचले इटलीत, तुरीनच्या एका शयनगृहात. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी रिता लेवी-मोंताल्चिनी यांना विद्यापीठाची दारं बंद केली. ज्यू असणं एवढंच कारण. युद्धाच्या काळात त्यांनी निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांचे मज्जातंतू कसे वाढतात, कसे मरतात, याचा अभ्यास चालू ठेवला. युद्ध संपल्यावर, १९४७ साली, व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की उंदराची एक विशिष्ट गाठ कोंबडीच्या गर्भात लावली तर मज्जातंतू तिच्याकडे अनावर वाढत धावतात. गाठीतून काहीतरी पाझरत असणार. ते सिद्ध करायला १९५२ मध्ये त्या गाठी असलेले दोन उंदीर सोबत घेऊन रिओ दि जानेरोला गेल्या, कारण ऊती बशीत वाढवण्याची सोय तिथे होती. गाठीच्या तुकड्याजवळ ठेवलेल्या मज्जागंडिकेतून एका दिवसात तंतू फुटले, चारी बाजूंनी, प्रभावळीसारखे. पुढे स्टॅन्ली कोहेन यांनी ते द्रव्य वेगळं केलं, आणि त्याच शोधात त्यांना दुसरं सापडलं. ते टोचलेल्या उंदरांच्या पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडत. पहिल्याचं नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, दुसऱ्याचं एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. १९८६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. डॉक्टर ज्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात, त्या वृद्धिघटकांच्या घराण्याची ही सुरुवात.

त्या प्रभावळीचं कौतुक जगाला झालं. मला त्याहून जास्त थांबवलं ते १९७७ सालच्या एका निरीक्षणाने. लेवी-मोंताल्चिनी आणि लुइजी अलोए यांनी नवजात घुशींना तोच मज्जातंतूंचा वृद्धिघटक टोचला, तेव्हा त्यांच्या ऊतींमध्ये मास्ट पेशींची संख्या वाढली. मास्ट पेशी म्हणजे दाहाच्या आघाडीवरच्या. खाज, गांधी, सूज यांत हिस्टामीन सोडतात त्या याच. मज्जातंतूंना पोसणारं द्रव्य दाहाच्या पेशीही वाढवतं, हे तेव्हाच समोर आलं होतं. पुढे हा वृद्धिघटक चरबीतही सापडला, माणसाच्या चरबीतसुद्धा. बशीत वाढवलेल्या मेदपेशींवर टीएनएफ-अल्फा घातलं की त्या तो जोमाने सोडू लागतात, हे २००४ साली इंग्लंडमध्ये पॉल ट्रेहर्न यांच्या गटाने दाखवलं. दाहाने हाक मारली, आणि उत्तर वाढीने दिलं.

शरीरात हे दोघे इतके जवळ का राहत असतील, याचं उत्तर आपल्या प्रत्येकाच्या गुडघ्यावर आहे. लहानपणी पडून फुटलेल्या गुडघ्याची जागा आधी लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. रक्षक पेशी येतात, घाण उचलतात. त्याच पेशी जाता जाता वृद्धिघटक सोडतात. रक्तवाहिन्यांना बोलावणारा व्हीईजीएफ, तंतू विणायला लावणारा टीजीएफ-बीटा, पेशींना वाढायला सांगणारे पीडीजीएफ आणि एफजीएफ. मग नवी कातडी येते, आणि काम झालं की सगळे परततात. दाहाशिवाय खपली धरत नाही आणि वाढीशिवाय दाह शमत नाही. दोघांचे निरोप पेशीच्या आत काही अंतर त्याच रस्त्याने धावतात.

चरबीलाही वाढायचं तर हे सगळं लागतं. मेदपेशी ही शरीरातल्या सर्वांत फुगू शकणाऱ्या पेशींपैकी एक. तिची रुंदी शंभर मायक्रोमीटरच्याही पुढे जाते. तांबडी पेशी असते सात-आठ मायक्रोमीटरची. रक्तवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन ऊतीत शिरू शकतो तो साधारण शंभर-दोनशे मायक्रोमीटरपर्यंत. म्हणजे पेशी फुगत जाईल तसतसा श्वास तिच्यापासून लांब जातो. तेव्हा ती व्हीईजीएफ सोडते, नवी केशवाहिनी मागते. केशवाहिनी आली, तर तिच्या भिंतीतल्या पेशी एफजीएफ-१ सोडतात. ऑस्ट्रेलियात लुईझ हटली आणि सहकाऱ्यांनी २००४ साली माणसाच्या चरबीतल्या केशवाहिन्यांवर हे दाखवलं. त्या एफजीएफ-१ ने पूर्वपेशींना जाग येते, त्या वाढतात आणि मेदपेशी होतात. भार मग एकट्या पेशीवर राहत नाही. देवाणघेवाण पुरी होते.

ती पुरी झाली नाही तर काय होतं, हे कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दिसतं. त्यांनी एफजीएफ-१ नसलेले उंदीर अभ्यासले. साध्या खाण्यावर ते इतर उंदरांसारखेच होते. अनेकांना वाटलं असेल, या घटकाचं शरीरात काही विशेष काम नसावं. मग त्यांना तेलकट आहार दिला. त्यांची चरबी नीट पसरेना. रक्तवाहिन्यांचं जाळं विस्कटलं, पेशींचे आकार बिघडले, दाह भडकला, मधुमेह जोरात झाला. आणि मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट त्यानंतरची. आहार पुन्हा साधा केला, तेव्हा त्या सुजलेल्या चरबीला मागे फिरताही आलं नाही. ती जागच्या जागी मरू लागली. वाढायला मदत करणारा घटक उतरायलाही लागतो, हे त्या उंदरांनी सांगितलं. वाढ नीट झालेली नसेल तर आवरणंही नीट होत नाही.

गुदमरून मेलेल्या मेदपेशीभोवती जे घडतं, ते काचपट्टीवर दिसतं. मी ते नंतर शोधून पाहिलं. पोकळ वर्तुळांच्या जाळीत मधेच एक वर्तुळ असं येतं, की त्याच्या कडेला जांभळे ठिपके दाटीवाटीने बसलेले असतात. त्या भक्षक पेशी. मेलेल्या पेशीच्या पोटातलं तेल एकटीला गिळता येण्याजोगं नसतं, म्हणून त्या कडं करून बसतात आणि थोडं थोडं उचलत राहतात. संशोधक त्या रचनेला मुकुट म्हणतात. इटलीत आंकोना इथे सावेरिओ चिंती आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मोजदाद केली, तेव्हा लठ्ठ उंदीर आणि लठ्ठ माणसं, दोघांच्याही चरबीतल्या ९० टक्क्यांहून अधिक भक्षक पेशी अशा मेलेल्या पेशींभोवतीच होत्या. त्याआधी २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की सडपातळ माणसाच्या चरबीत भक्षक पेशी दहा टक्क्यांच्या आत असतात, तर फार लठ्ठ माणसांत चाळीस टक्क्यांच्या जवळ जातात. हे आकडे वाचताना आक्रमणाचं चित्र डोळ्यांपुढे येतं. मुकुट पाहिल्यावर ते पुसलं जातं. त्या पेशी मेलेल्याची व्यवस्था लावायला बसलेल्या आहेत.

बिघडतं ते काम संपत नाही म्हणून. एक पेशी उचलून व्हावी तोवर शेजारची मरते. टीएनएफ-अल्फा थांबत नाही. त्याचा निरोप जिवंत मेदपेशींत पोचला की जेएनके नावाचं विकर जागं होतं आणि इन्सुलिनचा निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनावर नको त्या जागी फॉस्फेट चिकटवतं. इन्सुलिन दारात उभं असतं आणि आत ऐकू येत नाही. इकडे टीजीएफ-बीटा पूर्वपेशींना तंतू विणायला लावतो. जखमेत उपयोगी पडणारे तंतू इथे फुगू पाहणाऱ्या पेशीभोवती आवळतात. क्लेमाँ यांच्याच गटाला २०१० साली दिसलं, की ज्यांच्या कातडीखालच्या चरबीत हे तंतू जास्त, त्यांची चरबी जठराच्या शस्त्रक्रियेनंतरही कमी उतरते. वृद्धिघटक चांगले की वाईट, असा प्रश्न मला आता विचारता येत नाही. तोच घटक जखमेत खपली धरतो आणि चरबीत फास. त्याची वेळ टळली, काम लांबलं, की उपकाराचा अपकार होतो. दाहाचंही तसंच. टेक्सासमध्ये फिलिप शेरर यांच्या गटाने २०१४ साली उंदरांच्या मेदपेशींतला दाह दाबून टाकला. चरबी निरोगी व्हायला हवी होती. उलट तिला नीट वाढता येईना, आणि मेद यकृतात जाऊन साचला. थोडी धग लागतेच.

माझ्या आईला साखर निघाली तेव्हा आळीतल्या बायकांचा विश्वास बसेना. “अहो काकू, तुम्हाला कशी झाली? तुमच्या अंगावर तर मांससुद्धा नाही.” खरंच होतं ते. बांगडी कोपरापर्यंत चढेल असे हात, गळ्याची हाडं वर आलेली. डॉक्टरांनी वजन लिहून घेतलं आणि मग टेप काढून कमरेचं माप घेतलं. त्या मापाकडे ते जरा जास्त वेळ पाहत राहिले. घरी येताना आई रिक्षात म्हणाली, “आम्ही मेलं पोटभर खाल्लं तरी कधी?” बहात्तरच्या दुष्काळात ती शाळेत होती, वाढीच्या वयात. त्या वर्षीच्या सुकडीची चव तिच्या जिभेवर अजून आहे. ज्या मिलो ज्वारीच्या भाकरीला तिचे भाऊ नाक मुरडत, ती तिने मुकाट्याने खाल्ली. एका बाईची साखर एका दुष्काळाच्या माथी मारता येत नाही, तेवढं शास्त्र मला कळतं. पण तिच्या प्रश्नाला पुण्याच्या कामात एक गंभीर उत्तर सापडतं, आणि ते तिच्यासारख्या असंख्य बायकांचं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांच्या नोंदी ठेवत आले. तिथे जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचं सगळंच लहान होतं, पोट, स्नायू, डोकं. पाठीवरची कातडी चिमटीत धरून मोजली तेव्हा तिच्याखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं, पण आतून मेद जपणारं बाळ. आईच्या पोटात टंचाई असताना शरीराने स्नायूवर काटकसर केली आणि मेंदूला, पुढच्या उपासाला लागणारी शिदोरी राखली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो छापला, दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. त्याआधी १९९९ मध्ये याच दोघांनी आणि सहकाऱ्यांनी शहरी आणि ग्रामीण भारतीयांचं रक्त तपासलं होतं. शहरातल्या माणसांत दाहाचे निरोपे आणि लेप्टिन जास्त होते. माणसं तीच, वंश तोच. गाव सोडून शहरात आल्यावर जेवण बदललं, चालणं घटलं, आणि ज्या चरबीची तयारी टंचाईसाठी झाली होती तिच्यावर सुबत्तेचा भार पडला. कातडीखाली पसरायला जेवढा वाव होता तो लवकर संपला. मग मेद पोटात, यकृतात, स्नायूंत शिरला. आईच्या सडपातळ अंगावर टेपने शोधलं ते हे.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पॉल्डिंग, पीटर आर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मेदपेशींचं वय काढलं. त्यांची युक्ती अणुचाचण्यांवर उभी होती. १९५५ ते १९६३ या काळात उघड्या आकाशात झालेल्या स्फोटांनी हवेतला कार्बन-१४ खूप वाढला, आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर तो दरवर्षी उतरत गेला. हवेतून पिकात, पिकातून ताटात, ताटातून पेशीत. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत त्या वर्षीच्या हवेची खूण राहते. त्यावरून कळलं, की मेदपेशींची संख्या बालपणात आणि किशोरवयात ठरते. मोठेपणी ती जवळजवळ तेवढीच राहते, वजन उतरलं तरी. पेशी बारीक होतात, नाहीशा होत नाहीत. पण दरवर्षी त्यांतल्या सुमारे दहा टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. लठ्ठ माणसात, सडपातळ माणसात, सगळ्यांत. हे वाचलं तेव्हा मी आईच्या हाताकडे पाहिलं. बहात्तर सालच्या पेशींपैकी तिच्या अंगात आता क्वचितच एखादी उरली असेल. त्या वयात ठरलेली संख्या उरली, दुष्काळ पाहिलेल्या पेशी गेल्या. जागा त्याच, राहणाऱ्या नव्या.

या नव्या येणाऱ्या पेशींवर माझा भरवसा आहे. दर वर्षी दहा मेदपेशींमागे एक पूर्वपेशी मेदपेशी व्हायला निघते. तिच्या भोवती केशवाहिनी असेल, एफजीएफ वेळेवर पोचेल, दाहाचा गलका ओसरलेला असेल, तर ती आपला वाटा उचलेल आणि शेजारणीचा भार हलका करेल. हे मनाचे मांडे नाहीत. क्लेमाँ यांच्या गटाने २००५ मध्ये पाहिलं, की शस्त्रक्रियेनंतर वजन उतरलेल्या माणसांच्या चरबीत तीन महिन्यांत भक्षक पेशी कमी झाल्या, मुकुट विरळ झाले. ज्यांना आपण शत्रू समजलो त्या पेशी काम संपल्यावर निघून गेल्या. वृद्धिघटकांपासून औषध करण्याची धडपडही चालू आहे. तिथे हात जपून टाकावा लागतो, कारण वाढ वाढवणाऱ्या द्रव्याला कर्करोगाच्या पेशीही कान देतात. घाई नको, पण दिशा मला योग्य वाटते. दाह दाबून टाकण्यापेक्षा वाढ तडीस नेणं.

आई आता जेवणाआधी आणि जेवणानंतर अंगणात फेऱ्या घालते, गोळ्या वेळेवर घेते, आणि आळीतल्या मुलींना सांगते, पोरींनो, गरोदरपणी पोटभर जेवा, नीट जेवा, तुमच्यासाठी नाही, पोटातल्या बाळासाठी. तिला एफजीएफ ठाऊक नाही. पण बाळाच्या पहिल्या ताटापासून, अगदी त्याच्या आईच्या ताटापासून हे सुरू होतं, हे तिला पुरतं उमगलं आहे. पुण्याच्या नोंदवह्या तरी दुसरं काय म्हणतात?

वजन उतरवायचं तर उतरवावं. चालावं, झोपावं, डॉक्टर सांगतील ते करावं. पण ज्या ऊतीने थंडीत ऊब दिली, आजारपणात अन्न पुरवलं, गर्भारपण निभावलं, तिच्यावर दातओठ खाऊन ते होऊ नये. लठ्ठ मुलीला वर्गात हिणवताना, सडपातळ काकूंना “तुम्हाला काय होणार” म्हणताना आपण एकच चूक करतो. शरीर बाहेरून वाचतो. आत एक ऊती वाढायला धडपडते आहे, तिला रक्त कमी पडतं आहे, जागा कमी पडते आहे, आणि ती मदत मागते तेव्हा अंगात धग उठते. तिला कशाची उणीव पडली, हा प्रश्न प्रयोगशाळांनी विचारायला घेतला आहे. घरात, शाळेत, दवाखान्यात, एकमेकांच्या शरीराविषयी बोलताना आपणही आधी तोच विचारायला हवा.